स्फटिक कसे जमतात

स्फटिक म्हणजे असा घन पदार्थ, ज्यात अणू, रेणू किंवा आयन एकाच नमुन्यात, ठरावीक अंतरावर, तिन्ही दिशांनी पुन्हा पुन्हा मांडलेले असतात. मिठाच्या कणात सोडियम आणि क्लोरीनचे आयन एकाआड एक बसतात. एक मिलिमीटर लांबीच्या कडेवर अशा सुमारे ३५ लाख आयनांची रांग मावते. साखर, तुरटी, मोरचूद, बर्फ, हिरा, लोखंड आणि संगणकाच्या चिपमधले सिलिकॉन हे सगळे या अर्थाने स्फटिकच. काच मात्र कितीही पारदर्शक असली तरी स्फटिक नाही. द्रवात असावेत तसे तिचे अणू अस्ताव्यस्त अवस्थेतच थिजलेले असतात. बाहेरचा आकारही कधीकधी फसवतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे, बहुकोनी दगडी खांब पाहून ते प्रचंड स्फटिक असावेत असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिथला लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला भेगा गेल्या आणि खांब सुटे झाले, एवढेच.

आकार आतल्या मांडणीतून येतो ही कल्पना जुनी आहे. हिमकण सहा कोनांचाच का, पाच किंवा सात कोनांचा का नाही, या प्रश्नावर योहान्स केप्लरने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली आणि समान गोळे दाटीने रचण्याच्या पद्धतीत उत्तर शोधले. १६६९ मध्ये निकोलस स्टेनोने दाखवले, की गारेचे स्फटिक लहानमोठे, वेडेवाकडे कसेही असले तरी त्यांच्या एकसारख्या पृष्ठांमधले कोन बदलत नाहीत. पुरावा मात्र विसाव्या शतकात मिळाला. १९१२ मध्ये माक्स फोन लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडले, तेव्हा फोटोपट्टीवर ठिपक्यांची शिस्तबद्ध नक्षी उमटली. पाठोपाठ ब्रॅग पितापुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली. १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मुलगा लॉरेन्स ब्रॅग अवघा २५ वर्षांचा होता.

मांडणी कशी असते हे असे कळले. ती जमते कशी, हा वेगळा आणि जास्त अवघड प्रश्न आहे. द्रावणात सैरावैरा फिरणाऱ्या अब्जावधी रेणूंना रांगेत उभे करणारे बाहेरून कोणी नसते.

पहिली अट आहे ती मुबलकतेची. ठरावीक तापमानाच्या पाण्यात एखादा पदार्थ ठरावीक प्रमाणातच विरघळतो. ती मर्यादा गाठलेल्या द्रावणाला संपृक्त म्हणतात. स्फटिक धरायचा तर द्रावण या मर्यादेच्या पलीकडे, म्हणजे अतिसंपृक्त अवस्थेत न्यावे लागते. तिथे नेण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत: द्रावण थंड करणे किंवा त्यातले पाणी उडवणे. कोणता मार्ग घ्यायचा हे पदार्थाच्या स्वभावावर ठरते. २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, तर उकळत्या पाण्यात ४८० ग्रॅमच्या वर. त्यामुळे साखरेचा गरम पाक नुसता निवला तरी स्फटिक धरू शकतो. मिठाचे तसे नाही. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ मुरते आणि १०० अंशांना फार तर ३९. मिठाचे पाणी तापवून थंड करणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. पाणी उडवण्यावाचून इलाज नसतो.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरची मिठागरे याच एका गोष्टीवर उभी आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे हळूहळू पुढे सरकवतात आणि ऊन-वारा त्याला दाट करत जातात. क्षार सगळे एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचा कार्बोनेट बसतो. पाणी मूळच्या एक-चतुर्थांशाच्या आसपास उरले, की जिप्सम पडू लागते. खाण्याचे मीठ धरते ते पाणी एक-दशांशावर आल्यावर, म्हणजे घनतेच्या बोमे मापाने २५ अंशांच्या पुढे. शेवटी उरते ते मॅग्नेशियमच्या क्षारांचे कडू पाणी. ते वेळेवर काढून टाकणे हे मिठागरातले मोठे कौशल्य, कारण ते मिठाला चिकटून राहिले तर मीठ कडवट होते आणि हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात जाड्या मिठाला पाणी सुटते ते बहुतांशी या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे. शुद्ध मीठ इतक्या सहज पाझरत नाही. ज्या क्रमाने द्रावणाची सहनशक्ती संपते त्या क्रमाने क्षार वेगळे होतात आणि अख्खा समुद्र असा थरांत निवडला जातो. रसायनशास्त्राची ही प्रयोगशाळा उन्हाच्या बळावर चालते.

मुबलकता मात्र पुरेशी नसते. अतिसंपृक्त द्रावण तासन्‌तास, कधी महिनोन्‌महिने तसेच राहू शकते. १७२४ मध्ये फॅरनहाइटने नोंदवले, की बंद काचगोलातले शांत पाणी गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहते आणि हलवले, की त्यात एकाएकी बर्फ होतो. अत्यंत शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब तर उणे ३८ अंशांपर्यंत गोठत नाहीत. म्हणजे शून्य अंशाला पाणी गोठते हे शाळेतले विधान बर्फ वितळण्याबद्दल जितके पक्के आहे, तितके पाणी गोठण्याबद्दल नाही.

हा खोळंबा का होतो, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलार्ड गिब्जच्या ऊष्मागतिकीने दिले. रेणू एकत्र येऊन चिमुकला स्फटिक बनला, की आतल्या रेणूंना स्थैर्य मिळते आणि तेवढी ऊर्जा वाचते. पण त्याला पृष्ठभागही येतो आणि पृष्ठभागावरच्या रेणूंची एक बाजू उघडी राहते. तिची किंमत मोजावी लागते. लहान पुंजक्यात आतल्यांपेक्षा पृष्ठावरच्यांचे प्रमाण जास्त, म्हणून तो तोट्यात असतो आणि बनता बनताच मोडतो. एका विशिष्ट आकाराच्या पुढे हिशेब उलटतो आणि मग वाढण्यातच फायदा असतो. हा निर्णायक आकार बहुधा काही दहा ते काही शेकडो रेणूंचाच असतो, पण तिथवर पोहोचणे योगायोगावर अवलंबून असते. द्रावणात असे असंख्य पुंजके सतत जमतात आणि विस्कटतात. द्रावण जितके जास्त अतिसंपृक्त, तितका निर्णायक आकार लहान आणि तो गाठण्याची शक्यता मोठी.

हा अडसर टाळायचा सोपा उपाय म्हणजे तयार बीज टाकणे. सेंट पीटर्सबर्गमध्ये काम करणाऱ्या टोबियास लोवित्सने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे पद्धतशीर दाखवले: अतिसंपृक्त द्रावणात त्याच पदार्थाचा एक कण सोडला, की स्फटिक भराभर धरतात. तोच पदार्थ हवा असेही नाही. धुळीचा कण, भांड्यावरचा ओरखडा, दोऱ्याचा तंतू, ज्यावर रेणूंना टेकायला जागा मिळते ते काहीही चालते. परीक्षानळीत स्फटिक धरत नसले, की रसायनशास्त्राचे विद्यार्थी काचेच्या कांडीने नळी आतून खरवडतात, त्यामागचे कारण हेच. १९४६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगटला सिल्व्हर आयोडाइड सापडले, कारण त्याच्या स्फटिकातली अंतरे बर्फाच्या अंतरांशी जवळपास जुळतात; अतिथंड ढगात त्याचे कण सोडले, की त्यांवर हिमकण धरतात. पाऊस पाडण्याच्या सगळ्याच प्रयोगांना मात्र हे लागू नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने सोलापूर भागात केलेल्या प्रयोगांत ओल शोषणारे क्षार वापरले गेले. तिथे हेतू उबदार ढगातले थेंब मोठे करण्याचा होता, बर्फ धरवण्याचा नव्हता.

विल्हेल्म ओस्टवाल्डने १८९७ मध्ये अतिसंपृक्ततेचे दोन पट्टे मानले. पहिल्यात आयते बीज वाढते, पण नवे आपोआप धरत नाही. दुसऱ्यात, आणखी पलीकडे, बीजे आपोआप आणि भसाभस धरू लागतात. हा भेद पुस्तकी वाटेल, पण महाराष्ट्रातला साखर उद्योग त्याच्यावर चालतो. उसाचा रस शुद्ध करून आटवला, की दाट पाक होतो. तो निर्वात पॅनमध्ये आणखी उकळतात. निर्वातामुळे उकळी कमी तापमानाला येते आणि साखर जळत नाही. पाक पहिल्या पट्ट्यात आला, की त्यात अगदी बारीक दळलेल्या साखरेचे बीज सोडतात. तिथून पुढे पॅन सांभाळणाऱ्याचे सारे लक्ष एकाच गोष्टीकडे असते: पाक दुसऱ्या पट्ट्यात घसरू द्यायचा नाही. घसरला तर नको असलेले बारीक कण नव्याने धरतात, दाणा एकसारखा राहत नाही आणि पुढे यंत्रात मळी नीट सुटत नाही. तसे होऊ लागले, की पाणी घालून ते कण विरघळवतात. बाजारात एस-३० आणि एम-३० या नावांनी साखरेचे वेगवेगळे भाव लागतात तेही दाण्याच्या आकारावरून. शेवटी उरलेल्या मळीतही निम्म्याच्या आसपास साखरच असते, पण सोबतच्या अशुद्ध घटकांमुळे आणि चिकटपणामुळे ती स्फटिकरूपात काढणे परवडत नाही.

बीज धरल्यावर वाढ सुरू होते. ती कशी, यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक कोडे होते. स्फटिकाचे पृष्ठ थराथराने वाढते असे मानले, तर एक थर पूर्ण झाल्यावर सपाट पृष्ठावर नवा थर सुरू करणे कठीण; त्यासाठी हिशेबाने २५ ते ५० टक्के अतिसंपृक्तता लागायला हवी. प्रत्यक्षात स्फटिक एक टक्क्यालाही मजेत वाढताना दिसत. ब्रिस्टलच्या चार्ल्स फ्रँकने १९४९ मध्ये याचे कारण सुचवले: खरा स्फटिक निर्दोष नसतो. त्याच्या रचनेत एखाद्या ठिकाणी पिळाचा दोष असतो आणि तिथे पायरी कधीच संपत नाही. नवे रेणू त्या पायरीला लागत जातात आणि पृष्ठ गोल जिन्यासारखे वर चढत राहते. पुढच्याच वर्षी बेरिलच्या स्फटिकावर अशी सर्पिले सूक्ष्मदर्शकातून दिसली. १९५१ मध्ये अजित राम वर्मा या भारतीय भौतिकशास्त्रज्ञाने लंडनमध्ये सिलिकॉन कार्बाइडवरच्या सर्पिलांची अप्रतिम छायाचित्रे घेतली. तेच पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले. ज्या वस्तूकडे परिपूर्णतेचा नमुना म्हणून पाहिले जाई, ती दोषामुळेच वाढते, हा या शाखेतला सर्वांत सुंदर निष्कर्ष म्हणावा लागेल.

वाढीचा वेग आणि दाण्याचा आकार यांचे नाते मात्र सरळ आहे. घाईने थंड केले तर असंख्य बीजे एकदम धरतात आणि कण बारीक राहतात. सावकाश केले तर मोजकीच धरतात आणि मोठी होतात. खडीसाखर करताना दाट पाकात दोरे सोडून तो कित्येक दिवस न हलवता ठेवतात. तूप कढवल्यावर सावकाश निवू दिले तर रवाळ होते, लगेच फ्रीजमध्ये ठेवले तर गुळगुळीत थिजते. जमिनीखाली हजारो वर्षे निवणाऱ्या ग्रॅनाइटमधले दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, तर पृष्ठावर ओतलेल्या लाव्हाचा बेसाल्ट बारीक कणांचा असतो.

त्या बेसाल्टमध्येच महाराष्ट्राचा मोठा ठेवा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तेव्हा त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. नंतर दीर्घ काळ कोमट, खनिजयुक्त पाणी त्यांतून झिरपत राहिले. बंद पोकळी, मंद प्रवाह, सावकाश बदलणारे तापमान, स्फटिकाला याहून जास्त काही नको असते. पुणे, नाशिक, जळगाव परिसरांतल्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि ॲपोफिलाइटचे झुबके जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतले गडद निळे कॅव्हन्साइट त्या खनिजाचे जगातले सर्वोत्तम मानले जाते. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात हा ठेवा एका जागी पाहायला मिळतो. खेदाची गोष्ट अशी, की बहुतेक खाणी खडीसाठी चालतात आणि अशा कितीतरी पोकळ्या सुरुंगात उडून जातात.

सावकाशीचा सर्वांत टोकाचा नमुना मेक्सिकोत आहे. नाइका येथे २००० साली खाणकामगारांना सुमारे ३०० मीटर खोलीवर एक गुहा सापडली. तिच्यात जिप्समचे ११ मीटरहून लांब, झाडांच्या खोडांएवढे जाड स्फटिक आडवेतिडवे पसरलेले होते. तिथल्या पाण्यात कॅल्शियम सल्फेटचे दुसरे रूप, ॲनहायड्राइट, मुरलेले होते. सुमारे ५८ अंशांच्या वर ॲनहायड्राइट स्थिर असते आणि त्याखाली जिप्सम. गुहेतले पाणी लाखो वर्षे या सीमेच्या किंचित खाली राहिले, म्हणजे जेमतेम अतिसंपृक्त. नवी बीजे जवळजवळ धरलीच नाहीत. जी थोडी धरली होती तीच वाढत राहिली. पाणी आणखी पाच-दहा अंश थंड असते, तर तिथे असंख्य बारीक स्फटिकांचा साधा थर सापडला असता.

वाढताना स्फटिक निवडही करतो. त्याच्या नियमित मांडणीत, म्हणजे जालकात, जे मापाने बसते ते घेतो आणि बाकीचे बाहेर ढकलतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरचा बर्फ जवळपास गोडा असतो तो यामुळे. प्रयोगशाळेत एखादे संयुग शुद्ध करायचे तर ते गरम द्रावकात विरघळवून पुन्हा स्फटिकरूपात आणतात, लागल्यास दोन-तीनदा. जेम्स समनरने नऊ वर्षांच्या खटपटीनंतर १९२६ मध्ये अबईच्या जातकुळीतल्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले, तेव्हा विकर हे प्रथिन असते यावर विश्वास ठेवायला मोठेमोठे रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. नोबेल मिळायला त्याला १९४६ उजाडले. प्रथिनांचे स्फटिक वाढवणे आजही चिवट काम आहे. डोरोथी हॉजकिनने इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण चित्र १९३५ मध्ये घेतले आणि त्याची रचना उलगडली ती १९६९ मध्ये.

एकाच पदार्थाची एकाहून जास्त मांडणी होऊ शकते, ही या विषयातली सर्वांत त्रासदायक बाजू. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही कार्बनच, हे सर्वांना माहीत असते. कोको बटरची सहा स्फटिकरूपे आहेत आणि त्यांपैकी पाचवे, सुमारे ३४ अंशांना वितळणारे, तेवढे चॉकलेटवाल्याला हवे असते. जुन्या चॉकलेटवर धरलेला पांढुरका थर बुरशीचा नसतो. चरबीने सहावे रूप घेतलेले असते. ओस्टवाल्डने म्हटल्याप्रमाणे, पदार्थ पुष्कळदा सर्वांत स्थिर रूपाकडे थेट जात नाही. जे रूप आधी सहज जमते ते घेतो आणि पुढे पायरीपायरीने बदलतो. औषधांच्या बाबतीत हा उशीर घातक ठरू शकतो. रिटोनाव्हिर हे एचआयव्हीवरचे औषध १९९६ मध्ये बाजारात आले. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये तोवर कुणी न पाहिलेले, जास्त स्थिर आणि म्हणून कमी विरघळणारे स्फटिकरूप धरू लागले. रेणू तोच, पण शरीरात उतरेना. कॅप्सूल मागे घ्यावी लागली आणि औषधाची घडण नव्याने करावी लागली. एकदा ते रूप अस्तित्वात आल्यावर त्याची सूक्ष्म बीजे जिथे पोहोचली, तिथे जुने रूप पूर्वीसारखे करणे दुष्कर झाले.

स्फटिक धरू न देण्याची विद्याही तितकीच कामाची. पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. हे वेगळ्या घडणीचे रेणू मध्ये आल्यामुळे साखरेचे जालक नीट रचले जात नाही. मधात हेच दोन घटक निसर्गतः असतात. त्यांतले ग्लुकोज पाण्यात कमी मुरते, म्हणून थंडीत मध साखरतो. साखरलेला मध भेसळीचा, हा समज चुकीचा आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली तर तो पुन्हा पातळ होतो. लघवी कॅल्शियम ऑक्झलेटच्या बाबतीत अनेकदा अतिसंपृक्त असते, तरी बहुतेकांना मुतखडा होत नाही, कारण तिच्यातले सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते. भरपूर पाणी प्या, हा सल्लाही द्रावण संपृक्ततेच्या खाली आणण्याचाच. संधिवाताचा एक प्रकार, गाउट, बहुधा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. युरिक आम्लाचा क्षार थंडपणात कमी विरघळतो आणि अंगठा शरीराच्या गाभ्यापेक्षा थंड असतो.

विचारांच्या बाबतीत स्फटिकाची उपमा फार पूर्वीपासून वापरली जाते. स्तांधालने १८२२ मध्ये प्रेमावरच्या आपल्या पुस्तकात ती रुळवली: साल्झबर्गच्या मिठाच्या खाणीत टाकलेली निष्पर्ण फांदी काही महिन्यांनी काढली, तर स्फटिकांनी अशी मढलेली असते, की मूळ फांदी ओळखू येत नाही; प्रेमिकाचे मन प्रिय व्यक्तीला तसेच मढवते. उपमा देखणी आहे, पण ती फक्त सजावटीची बाजू दाखवते. अतिसंपृक्तता आणि बीज यांचा खरा पडताळा विज्ञानाच्या इतिहासात मिळतो आणि त्यातही आवर्तसारणीच्या जन्मकथेत.

१८६० च्या सुमारास ६० च्या आसपास मूलद्रव्ये माहीत होती आणि त्यांच्या गुणधर्मांची नोंद डोंगराएवढी झाली होती. द्रावण अतिसंपृक्त होते, स्फटिक मात्र धरत नव्हता. कारण अणुभारांवरच एकमत नव्हते. ऑक्सिजन कुणी ८ धरी, कुणी १६, कार्बन कुणी ६, कुणी १२. एकट्या ॲसिटिक आम्लाची प्रचलित असलेली १९ सूत्रे ऑगस्ट केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात नोंदवली आहेत. हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ जमले. परिषदेत निर्णय असा काही झाला नाही. पण निरोपाच्या वेळी इटलीच्या स्तानिस्लाओ कानिझारोची एक पुस्तिका वाटली गेली. तिच्यात अणुभार काढण्याची सुसंगत रीत होती. बीज पडले ते तेव्हा. पुढच्या दहा वर्षांत फ्रान्समध्ये शांकूर्त्वा, इंग्लंडमध्ये न्यूलँड्स आणि ऑडलिंग, जर्मनीत लोथार मायर, अमेरिकेत हिनरिख्स आणि रशियात १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी स्वतंत्रपणे मूलद्रव्यांची आवर्ती मांडणी केली. त्यांपैकी मायर आणि मेंडेलीव्ह दोघेही कार्ल्सरूहला हजर होते. एकाच कल्पनेचे इतके स्फटिक इतक्या ठिकाणी धरले, हा बुद्धिमत्तेच्या अपघातापेक्षा द्रावणाच्या अवस्थेचा पुरावा मानणे जास्त योग्य.

एकट्या मनातही अशी अवस्था येते. गणितज्ञ आंरी प्वांकारेने १९०८ मध्ये सांगितले, की काही फलनांवर दिवसचे दिवस डोके चालवून तो सहलीला गेला आणि कुताँस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताना उत्तर त्याच्यासमोर पूर्ण रूपात उभे राहिले. त्याने स्वतः दोन गोष्टींवर भर दिला: आधीच्या जाणीवपूर्वक मेहनतीशिवाय असे काही घडत नाही आणि नंतर उत्तर तपासण्याचे काम टळत नाही. या दोन्ही टोकांना विसरून फक्त बसच्या पायरीची गोष्ट सांगितली जाते, हे या किश्शाचे दुर्दैव.

उपमेला मर्यादाही आहेत. मिठाचे जालक कोठेही, कधीही धरले तरी तेच असते. मेंडेलीव्ह आणि न्यूलँड्स यांच्या मांडण्या एकसारख्या नव्हत्या. मेंडेलीव्हने जागा रिकाम्या सोडल्या आणि तिथे कोणती मूलद्रव्ये येतील ते सांगितले. १८७५ मध्ये गॅलियम सापडले आणि शोधकर्त्या बुआबोद्राँने त्याची घनता ४.७ दिली, तेव्हा मेंडेलीव्हने ती ५.९ च्या आसपास यायला हवी असे कळवले. नमुना पुन्हा शुद्ध केल्यावर ती ५.९ भरली. इथपर्यंत स्फटिकाची उपमा शोभते. पण १८९४ मध्ये आरगॉन सापडला आणि पाठोपाठ हेलियम, निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू मूलद्रव्ये म्हणून हाती आले. यांपैकी कशासाठीही सारणीत जागा नव्हती. मेंडेलीव्हने आरगॉन हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, अशी शंका घेऊन त्याला बाहेरच ठेवले, जसा स्फटिक परक्या रेणूला ठेवतो. स्फटिकाची कथा तिथे संपली असती. सारणीची संपली नाही: विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मेंडेलीव्हनेच या वायूंसाठी एक अख्खा नवा गण मान्य केला आणि आधीच्या एकाही मूलद्रव्याची जागा त्यामुळे हलली नाही.